घरकामाचा हजेरीपट

शिरगणतीचा माणूस दारात येतो आणि घरातल्या कर्त्या पुरुषाला विचारतो, "बाई काय करतात?" उत्तर ठरलेले असते : "काही नाही, घरीच असते." पहाटे चूल कोणी पेटविली, पाणी कोणी भरले, लेकराचा ताप रात्रभर कोणी उतरविला, अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीची कूस कोणी बदलली, हे प्रश्न छापील कागदावर नसतात, म्हणून त्यांची उत्तरेही नसतात. हे "काही नाही" म्हणजे नेमके काय आहे, ते आज आम्हांला तपासावयाचे आहे.

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. विद्यापीठाची पायरी आम्ही चढलो नाही. जे काही शिकलो ते हजेरीपट, पगारपत्रके, करारनामे आणि न्यायालयांचे निवाडे वाचून शिकलो. तेव्हा हा विषयही आम्ही आमच्याच रीतीने मांडणार : काम कोणते, तास किती, दर काय, आणि तो दर देतो कोण?

प्रथम काम कोणते ते पाहू. घरातल्या बाईच्या कामाचे दोन भाग पडतात. स्वयंपाक, धुणे, भांडी, झाडलोट, पाणी हा एक भाग. लहानांचे संगोपन, आजाऱ्याची उस्तवार आणि म्हाताऱ्यांची देखभाल हा दुसरा. पहिला भाग निदान डोळ्यांना दिसतो. दुसरा दिसत नाही, कारण त्याचा बराचसा भाग लक्ष ठेवण्याचा आहे. आपल्या भाषेत "आजारपण काढणे", "बाळंतपण करणे" असे म्हणतात. 'काढणे', 'करणे' ही श्रमाचीच क्रियापदे आहेत. भाषेने हे काम कधीच ओळखले होते. आणि ह्या कामाला भोंगा नाही. पाळी संपली की यंत्र बंद करून कामगार घरी जातो. अर्धांगाने पडलेल्या सासऱ्याला बंद करून सुनेला कोठे जाता येत नाही.

आता तास. भारत सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. सहा वर्षांवरील माणसे दिवसाचे चोवीस तास कशात घालवितात, ते घरोघर विचारले. घरातली बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रिया शंभरांत ८१ निघाल्या, पुरुष शंभरांत २६. जी माणसे ही कामे करीत होती त्यांतल्या स्त्रीचा सरासरी वेळ रोज २९९ मिनिटे, पुरुषाचा ९७ मिनिटे. घरातल्यांची देखभाल हा हिशेब वेगळा होता. त्यात भाग घेणाऱ्या स्त्रीची १३४ मिनिटे व पुरुषाची ७६. पुढे २०२४ साली हीच पाहणी पुन्हा झाली. घरकामाचे आकडे २८९ व ८८ आले. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटे कमी झाली हे खरे, परंतु बाप्याचीही नऊ मिनिटे कमी झाली!

२९९ मिनिटे म्हणजे किती, ते हजेरीपटावर मांडून पाहा. वर्षाचे सुमारे १,८१९ तास होतात. आठ तासांची एक पाळी धरली तर २२७ पाळ्या. रविवार आणि सणांच्या सुट्या वजा जाता कारखान्यातला कामगार वर्षाला तीनशेच्या आसपास पाळ्या भरतो. म्हणजे ज्या बाईविषयी "काही नाही" असे सांगितले गेले, तिने कारखान्याच्या वर्षाचा पाऊण भाग केवळ घरात भरून दिलेला आहे. आणि ह्यात देखभालीचे तास अजून धरलेलेच नाहीत.

आमच्या अजिंठ्याच्या भागात तर बाई "घरीच" असते हेही खरे नाही. दसरा उलटला की कपाशीची वेचणी सुरू होते. पहाटे उठून भाकऱ्या थापावयाच्या, पाणी भरावयाचे, लेकरांचे आवरावयाचे, मग दिवसभर ओणवे राहून कापूस वेचावयाचा, आणि सांजेला पुन्हा चूल. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. तो कापूस काट्यावर चढतो, त्याला दर आहे. त्याच्या आधीच्या दोन तासांना आणि नंतरच्या तीन तासांना काटा नाही. ह्याच दिवसांत कित्येक घरांतली थोरली मुलगी शाळेत गैरहजर असते. ती उनाडक्या करीत नसते. आईच्या जागेवरची ती बदली कामगार असते. धाकट्या भावंडाला ती राखते, तेव्हा आईची वेचणी होते. त्या मुलीच्या बुडालेल्या शाळेवर आपल्या कापसाचा भाव उभा आहे, हे ऐकावयास बरे वाटत नाही, परंतु हिशेब तसाच आहे.

मग हे काम देशाच्या हिशेबात का येत नाही? पिगू नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली एक मजेदार उदाहरण दिले होते. एखाद्याने आपल्या घर सांभाळणाऱ्या नोकर बाईशी लग्न केले, तर ती पूर्वीचीच कामे करीत राहते, पण तिचा पगार थांबतो, आणि तेवढ्याने देशाचे उत्पन्न घटल्याचे कागदावर दिसते! आजही रीत तीच आहे. मोलकरणीचा पगार राष्ट्रीय उत्पन्नात धरतात. घरच्या बाईने घरच्यांसाठी केलेला स्वयंपाक व केलेली शुश्रूषा धरीत नाहीत. ह्याहून नवलाची गोष्ट पुढे आहे. आपण स्वतःच्या मालकीच्या घरात राहत असलो तर त्या घराचे कल्पित भाडे राष्ट्रीय उत्पन्नात मिळविले जाते. भिंतींचे भाडे धरले जाते, भिंतींच्या आत राबणारीचे श्रम सोडले जातात. तेव्हा मोजता येत नाही म्हणून हे काम वगळले, असे म्हणण्यात फारसा अर्थ नाही.

हीच गोष्ट आमच्या, म्हणजे कामगारांच्या, हिशेबात कशी शिरली आहे ते सांगितले पाहिजे. जुलै १९५७ मध्ये पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतन कसे ठरवावे ह्याचे सूत्र घातले. कामगार चळवळीने त्या सूत्राचा अभिमान बाळगला, आणि तो रास्तच होता. एक मिळवता माणूस आणि त्याचे कुटुंब मिळून तीन एकके धरावयाची : पुरुष १, बायको ०.८, दोन मुले प्रत्येकी ०.६. प्रत्येक एककाला २,७०० उष्मांकांचे अन्न, चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, शिवाय घरभाडे, आणि जळण-दिवाबत्ती वगैरेंसाठी एकूण वेतनाचे शेकडा वीस. पुढे १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने ह्यात मुलांचे शिक्षण, औषधपाणी, म्हातारपणाची तरतूद यांसाठी शेकडा पंचवीसची भर घातली.

आता हे सूत्र बारकाईने वाचा. ज्वारीचा भाव धरला आहे, जळणाचा धरला आहे, कापडाचा धरला आहे. परंतु ज्वारी कच्ची खाता येत नाही! तिची भाकरी होईपर्यंतचे श्रम सूत्रात कोठेच नाहीत. ते कोणीतरी फुकट करील असे गृहीत धरले आहे, आणि त्या "कोणीतरी"ला ०.८ माणूस मानले आहे. कारखानदार एका कामगाराला पगार देतो आणि दोघांचे श्रम घेतो : एक हजेरीपटावरचा, दुसरी त्याला रोज जेवू घालून, कपडे धुऊन, आजारातून उठवून फाटकापर्यंत पाठविणारी. वाळूज आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांत सिल्लोड तालुक्यातली पोरे ठेक्यावर कामाला जातात. गावी म्हातारे आईबाप असतात. त्यांची देखभाल सून करते म्हणूनच तो पोरगा शंभर किलोमीटरांवर पाळी करू शकतो. त्या देखभालीसाठी पगारी माणूस ठेवावयाचा झाला तर त्याचा सगळा पगार तेथेच संपेल. म्हणून आम्ही म्हणतो की हा प्रश्न केवळ बायकांचा नाही; हा वेतनाचा प्रश्न आहे.

न्यायालयांना ह्या प्रश्नाला सामोरे जावे लागले ते अपघातांमुळे. गृहिणी अपघातात दगावली तर भरपाई कशाच्या आधारावर द्यावयाची? जमशेदपूरला ३ मार्च १८८९ नव्हे, आमच्या डोळ्यांदेखत, १९८९ साली, एका समारंभात आग लागून अनेक स्त्रिया व मुले दगावली. त्या खटल्यात २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या सेवेचे मोल महिना ३,००० रुपये धरले. २०१० साली दुसऱ्या एका निकालात त्याच न्यायालयाने जनगणनेच्या रीतीवर कडक ताशेरे ओढले, कारण २००१ च्या जनगणनेत गृहिणींना भिकारी, वेश्या व कैदी यांच्याबरोबर "काम न करणाऱ्यां"च्या वर्गात घातले होते. आणि ५ जानेवारी २०२१ च्या निकालात न्यायमूर्ती रमणा यांनी वर सांगितलेली २९९ व ९७ मिनिटे निकालपत्रातच उद्धृत केली. २०११ च्या जनगणनेत घरकाम हेच मुख्य काम म्हणून सांगणाऱ्या स्त्रिया सुमारे १५ कोटी ९८ लाख होत्या आणि पुरुष सुमारे ५८ लाख, हेही त्यांनी नमूद केले. गृहिणीचे उत्पन्न कल्पून भरपाई देणे हे तिच्या श्रमाची दखल घेणे आहे, असे त्या निकालाचे म्हणणे. चांगली गोष्ट झाली. मात्र बाईच्या श्रमाला किंमत मिळण्यासाठी तिला आधी मरावे लागते, ही स्थिती कोणत्याही समाजाला शोभणारी नाही.

मोल काढण्याच्या दोन रीती आहेत. बाई हे काम करीत नसती तर बाहेर काय मिळविती, ते पाहावयाचे ही एक. तिचे काम पगारी माणसांकडून, म्हणजे स्वयंपाकीण, दाई, शुश्रूषा करणारी यांच्याकडून, करून घेतले तर काय पडेल ते पाहावयाचे ही दुसरी. पहिलीत खोट अशी की शिकलेल्या बाईचे वरण महाग ठरते आणि अडाणी बाईचे स्वस्त. दुसरीत खोट अशी की पगारी मोलकरणीचीच मजुरी आधी पाडलेली असते, आणि त्याच पाडलेल्या दराने घरचीचेही काम मोजले जाते. तरीही दोन्ही रीतींनी येणारा आकडा शून्य नसतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१८ साली हिशेब केला तेव्हा जगात रोज १,६४० कोटी तासांचे असे बिनपगारी काम होत होते. म्हणजे दोनशे कोटी माणसांची आठ तासांची पाळी. त्यातला तीन चतुर्थांशाहून अधिक भार स्त्रियांवर होता.

येथे एक आक्षेप हमखास येतो : "मायेचे मोल कसे करणार? आईने बिल द्यावयाचे काय?" आक्षेप करणारे बहुधा प्रामाणिक असतात, म्हणून उत्तर नीट दिले पाहिजे. सैनिकाला देशाविषयी प्रेम असते. म्हणून त्याचा पगार कोणी कापत नाही. शिक्षकाला मुलांचा लळा असतो. म्हणून त्याला फुकट शिकवावयास कोणी सांगत नाही. मोल मायेचे करावयाचे नाही. तासांचे करावयाचे आहे. जात्यावरचे दळण घ्या. शतकानुशतके बायांनी पहाटे उठून ते दळले, त्याला दर नव्हता. गावात पिठाची गिरणी आली, किलोमागे दर लागला, आणि सायकलीवर डबा टाकून गिरणीवर जावयास घरातले पुरुषही तयार झाले. भाकरीची माया त्यामुळे कमी झाली काय?

दुसरा आक्षेप असा की ही कामे स्त्रीच्या स्वभावातच आहेत. ह्याला उत्तर द्यावयास आम्हांला अजिंठा सोडून जाण्याची गरज नाही. आपली लेणी म्हणजे भिक्षूंचे विहार. तेथे बायका नव्हत्या. तरी झाडलोट होत होती, पाणी भरले जात होते, आजारी माणसाची सेवा होत होती. पुरुष ती करीत होते, कारण तसा नियम होता. विनयाच्या ग्रंथात कथा आहे की एक आजारी भिक्षू घाणीत पडलेला बुद्धांना दिसला. बुद्धांनी आणि आनंदाने त्याला स्वतःच्या हातांनी धुतले, आणि संघाला बजावले की येथे तुमची सेवा करावयास आई नाही की बाप नाही, तुम्हीच एकमेकांची केली पाहिजे. पुढे असाही नियम झाला की भिक्षू वारला तर त्याचे पात्र व चीवर शुश्रूषा करणाऱ्याला द्यावे. विरक्त माणसांच्या संघाने सुद्धा शुश्रूषेचा वाटा ठरविला होता!

दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात हारीतीची मूर्ती आहे. मांडीवर मूल, शेजारी पांचिक, आणि खाली पंतोजी व पोरे यांची शाळा कोरलेली. कथेप्रमाणे ही पूर्वी लोकांची मुले खाणारी यक्षिणी. बुद्धांनी तिचेच मूल लपविले तेव्हा तिला दुसऱ्या आयांचे दुःख कळले, आणि ती लेकरांची रक्षक झाली. सातव्या शतकात आलेल्या इत्सिंग नावाच्या चिनी प्रवाशाने लिहून ठेवले आहे की विहारांच्या भोजनशाळेजवळ हारीतीची प्रतिमा असे आणि रोज तिच्यापुढे अन्नाचा वाटा ठेवीत. मुले राखणारीचा वाटा आधी काढून ठेवावयाचा, ही रीत त्या काळी ठाऊक होती. आपल्या घरांत मात्र मुले राखणारी सर्वांच्या मागून, उरलेले जेवते.

ह्याच डोंगररांगेतल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून स्त्रीस्वभावाच्या नावाने चालणारी लबाडी उघडी पाडली. ते पुस्तक जवळजवळ शंभर वर्षे विस्मरणात गेले आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून काढले. पुस्तक विसरणे सोपे असते. त्यातला प्रश्न मिटविणे अवघड असते.

कामगार चळवळीने तर हा विषय आपला म्हणण्यास विशेष कारण आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळे १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. त्या सुटीला सव्वाशे वर्षे उलटून गेली. चुलीला रविवार अजून मिळालेला नाही. उलट रविवारी सगळे घरी, म्हणून काम दुप्पट. आणि हेही ध्यानात ठेवावे की ते लोखंडे ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगच्या साथीत लोकांची सेवा करता करता गेले. एक महिन्याने, १० मार्चला, सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना गेल्या. एक पुरुष, एक स्त्री, काम एकच. शुश्रूषा हलकी मानणाऱ्यांनी ह्या दोन तारखा शेजारी शेजारी लिहून ठेवाव्यात.

हे काम घराबाहेर आले तरी त्याचा दर वाढत नाही, हे अंगणवाडीने दाखविले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. अंगणवाडीतल्या बाईला 'सेविका' म्हटले आणि पगाराला 'मानधन'. शब्द मोठे सोज्वळ, पण कामगार म्हटले की किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी द्यावी लागते. सेविका म्हटले की नमस्कार पुरतो. २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेने योजनांवरच्या ह्या स्त्रियांना कामगार मानावे अशी शिफारस केली. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस ग्रॅच्युइटीस पात्र असल्याचे ठरविले. तरीही ४ डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातल्या अंगणवाडी कर्मचाऱ्यांना दीड महिन्याहून अधिक काळ संप करावा लागला. हक्क निकालपत्रात मिळतो. पदरात पडावयास संघटना लागते.

घरातल्या बाईला संप करता येत नाही असे म्हणतात. आइसलंड देशातल्या बायकांनी २४ ऑक्टोबर १९७५ रोजी तो केला. शंभरांतल्या सुमारे नव्वद जणींनी त्या दिवशी नोकरीही केली नाही आणि घरकामही केले नाही. बाप मुलांना घेऊन कचेऱ्यांत गेले. दुसऱ्याच वर्षी तेथे समानतेचा कायदा झाला. आपल्याकडे नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी संघटनेचे चांदवडला प्रचंड महिला अधिवेशन झाले, आणि त्यातून पुढे 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम निघाली : घरलक्ष्मीच्या आजवरच्या श्रमांचे ऋण म्हणून शेतकऱ्याने जमिनीचा तुकडा आपणहून तिच्या नावे करावा. ही भीक नव्हती, कर्जफेड होती. म्हणून आम्हांला ती मोहीम मोलाची वाटते. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने लाडक्या बहिणींना महिना १,५०० रुपये देऊ केले. गरीब घरात ही रक्कम उपयोगी पडते, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण तमिळनाडूने सप्टेंबर २०२३ मध्ये महिना १,००० रुपये सुरू केले तेव्हा योजनेच्या नावातच 'हक्काची रक्कम' असे म्हटले. भाऊ ओवाळणी घालतो ती त्याच्या मर्जीने. हक्काला मर्जी लागत नाही. तेवढा फरक बहिणींनी व भावांनी समजून घ्यावा.

मग करावयाचे काय? सगळे सरकारने करावे असे आम्ही म्हणत नाही. सरकारचे काम पाळणाघर, पाणी आणि दवाखाना जवळ आणण्याचे. २००५ च्या रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्याने एक मोठे तत्त्व मान्य केले होते : कामावर सहा वर्षांखालची पाच मुले असली तर एका बाईने ती राखावयाची, आणि तिला खड्डा खणणारीइतकीच मजुरी. मूल राखणे व माती खणणे यांचा दर एक! हे तत्त्व वेचणीच्या दिवसांत प्रत्येक गावच्या ग्रामपंचायतीने उचलले, तर ती थोरली मुलगी शाळेत दिसेल.

संघटनांचे काम वेगळे. मागणीपत्रात पाळणाघराचे कलम सर्वांत शेवटी असते, आणि तडजोडीला बसले की पहिल्यांदा तेच गळते. ते कलम वर घ्यावे. आजारी आईबापांच्या देखभालीसाठी पुरुष कामगाराला रजा मागावी, म्हणजे ते काम त्याचेही आहे हे मालकाला आणि त्यालाही कळेल.

आणि घराचे काम घरातल्या पुरुषांचे. सातबारावर बायकोचे नाव लावावे. पोराला भाकरी थापावयास शिकवावे आणि पोरीला तेवढा वेळ पुस्तकाला द्यावा. आठवड्यातून एक दिवस चूल पुरुषांनी सांभाळावी. "मदत" म्हणून नव्हे, आपली पाळी म्हणून. मदत करणारा केव्हाही उठून जाऊ शकतो. पाळी असलेल्याला ती भरावी लागते. उद्या शिरगणतीचा माणूस येईल तेव्हा त्याच्या कागदात काय लिहिले जाईल ते आपल्या उत्तरावर अवलंबून आहे. आणि ते उत्तर खरे द्यावयाचे तर आधी आपल्या घरातला हजेरीपट एकदा प्रामाणिकपणे भरून पाहिला पाहिजे. एक आठवडा, सगळ्यांची नावे, सगळ्यांचे तास. कागद आणि पेन्सिल एवढ्यावर हे काम होते.